गेमिंगसाठी वेगळं साउंड कार्ड घ्यावं का? (हेडफोन आहे, बजेट ८ हजार)

घणसोलीचा_गणोबा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

डेस्कटॉप चार वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणला. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि आवाज त्यावरच्याच रिअलटेक चिपचा. गेल्या महिन्यात नेरुळच्या एका दादाकडून बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला, सेकंडहँड घेतला. हेडफोन झकास आहे, पण माऊस हलवला की कानात बारीक किरकिर येते आणि गेम सुरू झाला की ती वाढते. शिवाय व्हॉल्यूम ९० च्या खाली आणता येत नाही. आणि खरं दुखणं म्हणजे व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये मागून कोणी येतंय की पुढून, हे कळेपर्यंत मी मेलेला असतो.

मित्र म्हणतो साउंड कार्ड घे. आतलं घ्यावं (साउंड ब्लास्टर झेड एसई किंवा एई-५ प्लस) की बाहेरचं यूएसबीवालं (साउंड ब्लास्टर जी६)? ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफरवालं सराउंड) असलेलंच हवं का? बजेट ८ हजार, फार तर १० पर्यंत ताणेन. माईक वेगळा यूएसबीचा आहे, त्याची चिंता नाही.

नौपाडाकर

एकच प्रश्न. पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात घालता की मागच्या?

घणसोलीचा_गणोबा

पुढच्या. मागे हात पोचत नाही, टेबल भिंतीला टेकलंय.

नौपाडाकर

मग किरकिरीचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून पुढच्या पॅनेलपर्यंत जाते. बऱ्याच कॅबिनेटांत तिला धड शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं वेष्टण) नसतं. पुढे यूएसबीची भोकंही तिच्या शेजारीच, ग्राउंड बहुतेक सामायिक. माऊसची हालचाल तुम्हाला ऐकू येते ती अशी.

टेबल ओढा आणि मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. खर्च शून्य. मग कार्डाचं बोलू.

तळ्यात_मळ्यात

टेबलामागे काय काय सापडलं तेही लिहा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हरवलेलं गॅसचं पुस्तक सापडलं होतं.

जुनं_खोड

साउंड कार्ड हा शब्द वाचून गहिवरलो. आता थोडं लांबण लावणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचा प्रतिसाद बघावा.

आमच्या वेळी मदरबोर्डवर आवाजच नसायचा. पीसी स्पीकर नावाचा एक पिपाणीवाला असायचा, तो फक्त 'टूं' करायचा. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर काढलं आणि मग हळूहळू घराघरांतला पीसी बोलायला लागला. मी १९९९ मध्ये कळव्याहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडून ग्रँट रोड, असं करत जाऊन साउंड ब्लास्टर लाइव्ह आणलं. ते बाजारात येऊन वर्ष झालं होतं. येताना पिशवी छातीशी धरून दारात उभा होतो, जणू घरात पाळणा हलला होता.

हाफ-लाइफ हा गेम ईएएक्स (क्रिएटिव्हचं आवाज घुमवण्याचं तंत्र) चालू करून खेळलो आणि अंगावर काटा आला. बोगद्यात शिरलं की पावलं घुमायची, खोलीत आलं की कोरडी व्हायची. तो सगळा हिशेब कार्डावरची चिप करायची. तेव्हा ऑरियल नावाची एक कंपनी होती, तिचं ए३डी हे तंत्र दिशा कळण्याच्या बाबतीत ईएएक्सच्याही पुढे होतं असं आम्ही भांडून भांडून सांगायचो. क्रिएटिव्हने ऑरियलवर पेटंटचा दावा लावला. ऑरियल जिंकली, पण खटल्याच्या खर्चात बुडाली आणि २००० मध्ये तिचा सगळा ऐवज क्रिएटिव्हनेच विकत घेतला. कोर्टकचेरीत जिंकणारा कसा बुडतो हे ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

पुढे विंडोज व्हिस्टा आलं. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाउंडचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन काढूनच टाकलं. कार्ड आणि गेम यांच्यातली थेट वाट बंद, आणि ईएएक्सचे दिवसही तिथेच भरले.

घणसोलीचा_गणोबा

काका, म्हणजे आज नवं कार्ड घेतलं तरी तसं घुमणं मिळणार नाही?

जुनं_खोड

मिळेल, पण त्यात कार्डाचा हात नसेल. आता घुमणं, भिंतीआडून दबणं, दिशा हे सगळं गेमचं इंजिन प्रोसेसरवरच करून टाकतं. कार्डाकडे तयार आवाज येतो. आकड्यांचं विजेत रूपांतर करायचं आणि हेडफोन हलवायचा, एवढंच काम उरलंय. हुद्दा गेला, नोकरी राहिली.

ऐरोली_एक्सप्रेस

काकांच्या आठवणी छान, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. माझ्याकडे जी६ तीन वर्षं आहे. मदरबोर्डचा आवाज आणि हा आवाज यात जमीन-अस्मानाचा फरक. पावलं स्वच्छ, स्काउट मोड (बारीक आवाज मोठे करणारा) लावला की पलीकडच्या गल्लीतला माणूसही ऐकू येतो. डॅकची (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपची) डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, १३० डीबी आहे, मदरबोर्डच्या चिपा कुठे १०० च्या आसपास रेंगाळतात. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांनी 'काही फरक पडत नाही' म्हणू नये. गणोबा, डोळे मिटून घे. आतलं कार्ड मात्र नको, ग्राफिक्स कार्डाच्या कुशीत बसवून परत किरकिरच ऐकायची.

वाशीची_वाघीण

डोळे मिटूनच बघा म्हणते मी, पण दोन्हींचा आवाज समान करून. माणसाच्या कानाला एक खोड असते: तोच आवाज जरासा मोठा केला की त्याला तो 'स्वच्छ', 'भरदार' वाटतो. जी६ मदरबोर्डपेक्षा जोरात वाजतं, म्हणून ते चांगलं वाटणारच. आणि १३० डीबीचं काय घेऊन बसलात? १६ बिटची सीडी ९६ डीबीत भागवते. तुमच्या खोलीतला पंखाच ३५-४० डीबी खाऊन बसलाय.

गणोबा, तुमच्या हेडफोनचं गणित करू. डीटी ९९० प्रो एका मिलिवॉटला ९६ डीबी देतो असं कंपनी सांगते. २५० ओहममध्ये एक मिलिवॉट घालायला लागतो अर्धा व्होल्ट. एक व्होल्ट दिला तर पॉवर चौपट, म्हणजे ६ डीबी वाढ, म्हणजे १०२ डीबी. दोन व्होल्टला १०८. तुम्ही खेळणार सरासरी ७० ते ७५ वर. स्फोटबिफोटांना २५-३० डीबी मोकळे ठेवले तरी एक व्होल्ट पुरतो. २५० ओहम ऐकून लोक घाबरतात आणि अॅम्प्लिफायरचे पर्वत विकत घेतात.

आता गंमत बघा. बऱ्याच पुढच्या जॅकांना ७५ ओहमच्या आसपास आउटपुट इम्पिडन्स (जॅकचा स्वतःचा विजेला होणारा विरोध) असतो. ३२ ओहमचा हेडसेट त्यावर लावला तर व्होल्टेजचा जेमतेम ३० टक्के वाटा हेडफोनला मिळतो, १० डीबीहून जास्त उतार. शिवाय हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो, त्यामुळे बास उगाच फुगतो. २५० ओहमवर तेच नुकसान सव्वादोन डीबी, जाणवणारही नाही. म्हणजे या बाबतीत तुमचा नवा हेडफोन ३२ ओहमच्या हेडसेटपेक्षा गरीब मदरबोर्डाला जास्त सांभाळून घेतो.

ऐरोली_एक्सप्रेस

गणित बरोबर असेल ताई, पण मी आवाज कानाने ऐकतो, मल्टिमीटरने नाही.

तळ्यात_मळ्यात

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. बाकी ८ हजारात मामलेदारची मिसळ किती प्लेट येईल याचं गणित ताईंनी करावं. मध्यम तिखट धरा.

नौपाडाकर

मध्यम? नौपाड्यात राहून हे वाचावं लागलं.

संपादक

मिसळीसाठी स्वतंत्र धागा आहे. तिथले चारशे प्रतिसाद पुरेसे नाहीत का?

खारघरची_खिंड

दिशेच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

७.१ लिहिलेलं कार्ड शोधू नका. तुम्हाला कान दोन, हेडफोनला ड्रायव्हर दोन. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने उशिरा, आणि डोकं मध्ये आल्यामुळे थोडा दबून. डावं-उजवं मेंदू एवढ्यावर ओळखतो. पुढचा आणि मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकदमच पोचतो. तिथे कामाला येते कानाची पाळी. तिच्या वळ्यांमुळे वरच्या पट्टीतले सूर कुठे दबतात, कुठे उठतात, आणि त्यावरून लहानपणापासून घटवलेला मेंदू सांगतो की हा मागून आला. हेडफोनमध्ये गेमचा साधा स्टीरिओ आवाज येतो तेव्हा पाळीचं हे नक्षीकाम त्यात नसतंच. ते गणिताने आवाजात घालणं म्हणजे एचआरटीएफ.

व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्येच एचआरटीएफ आहे. ते चालू करा. मग विंडोजमधला स्पेशियल साउंड बंद, कार्डाचं किंवा हेडसेटचं '७.१ सराउंड' बंद, स्पीकर सेटिंग स्टीरिओ. गेमने एकदा पाळी लावली, त्यावर विंडोजने दुसरी लावली की खिचडी होते आणि मागचा माणूस वरून आल्यासारखा वाटतो. हे गणित सरासरी कानावर बेतलेलं असतं, तुमचे कान त्या सरासरीपासून लांबचे निघाले तर फायदा कमी होईल. पण सवयीला आठ-दहा दिवस द्या, पहिल्याच दिवशी वैतागून बंद करू नका.

स्काउट मोडबद्दल: बारीक आवाज मोठे केले की पावलं ऐकू येतात हे खरं, पण मग जवळचा आणि लांबचा यातला फरकही पुसट होतो. विंडोजच्या लाउडनेस इक्वलायझेशनचंही तेच, आणि ते फुकट आहे.

पोळ्या_करून_दमले

पुढून-मागून कळत नाही म्हणताय. आमच्या चिरंजीवांना स्वयंपाकघरातून मारलेली हाक कुठल्याच बाजूने कळत नाही. त्यावर काही एचआर का काय ते निघालंय का?

नौपाडाकर

निघालंय ताई. गणोबाचा हेडफोन ओपन-बॅक आहे. त्याच्या पाठीला जाळी असते, बाहेरचं सगळं आत येतं. चिरंजीवांना तोच घेऊन द्या, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येतील.

पोळ्या_करून_दमले

आणि त्याच्या गोळ्या आम्हाला ऐकू येतील?

नौपाडाकर

…हो. तेही आहे.

सीवूड्सची_सावली

अवांतर आहे पण पावसाळा तोंडावर आहे म्हणून. रेक्झिनच्या उशा असलेले हेडफोन आपल्याकडच्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत सोलतात, गालाला काळे पापुद्रे चिकटतात. डीटी ९९० ला मखमली उशा आहेत, त्या सोलत नाहीत पण घाम पितात. कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. जुलैत 'पूर्ण वाळवा' म्हणजे पंख्याखाली दोन दिवस.

कान_सांभाळा

ठाण्यात श्रवणचाचण्या करते, म्हणून राहवत नाही. व्हॉल्यूम ९० वर आहे म्हणजे कानात किती हे त्यावरून सांगता येत नाही, पण 'पावलं ऐकू यावीत' म्हणून आवाज वाढवायचा आणि मग कानाशेजारी बंदूक वाजायची, हा प्रकार वाईट. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डीबी अशी आहे. ९० डीबी असेल तर तेच आठवड्याचे फक्त ४ तास. खेळून उठल्यावर कानात कुईं वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी हेडफोन लावू नका. वाजत राहिलं तर तपासून घ्या.

घणसोलीचा_गणोबा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

टेबल ओढलं. (तळ्यात_मळ्यात यांच्यासाठी: दोन बॅटऱ्या, एक कंगवा, बारावीचं हॉलतिकीट.) मागच्या जॅकला लावल्यावर माऊसची किरकिर गेली, साफ गेली. आवाजही थोडा वाढला. पण एक बारीक 'घूंऽऽ' उरलंय. कॅबिनेटला हात लावला की कमी होतं. आणि हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात. हे आधीही व्हायचं, मला वाटायचं सगळ्यांचंच होतं.

अर्थिंगवाले_अण्णा

थांबा! साउंड कार्ड बाजूला ठेवा. कॅबिनेटला झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही.

एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थ तुटली की बॉडी अधांतरी राहते, २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर. करंट इवलासा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर काही बिघडलं तर हीच बॉडी पूर्ण फेजवर जाईल आणि अडवायला कोणी नसेल. ती घूं बहुतेक त्यातूनच येते.

भिंतीतल्या सॉकेटची आणि एक्स्टेंशन बोर्डाची अर्थ तपासून घ्या. मला आधी संशय एक्स्टेंशनवर. पुष्कळ बोर्डांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, आत वायरच नसते. स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि त्याने 'न्यूट्रलचाच तुकडा अर्थला टाकतो' असं म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वाशीची_वाघीण

अण्णांना +१. आधी हे. बाकी सगळं नंतर.

जुनं_खोड

आमच्या जुन्या इमारतीत कॅबिनेटला मुंग्या यायच्या तेव्हा आम्ही रबरी चप्पल घालून खेळायचो. आता वाचून घाम फुटला.

घणसोलीचा_गणोबा

अण्णा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. इलेक्ट्रिशियन आला. भिंतीतलं सॉकेट ठणठणीत. एक्स्टेंशन बोर्ड उघडलं तर आत दोनच वायर! तिसरं भोक रिकामं. नवं तीन वायरचं बोर्ड आणलं. झिणझिण्या बंद, घूं बंद. शांतता इतकी की आधी वाटलं हेडफोन मेला.

व्हॅलोरंटचं एचआरटीएफ चालू केलंय, विंडोजचं सगळं बंद. सवय होतेय. आवाज अजून ८० ला लागतो एवढंच.

वाशीची_वाघीण

८० ला लागतो म्हणजे २० शिल्लक आहे, ती काही बिघाडाची खूण नाही. तरी मोकळीक हवी असेल तर आधी कोणाकडून तरी अॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा तुकडा मागून बघा. तो नुसता तुकडा नाही, आत छोटं साउंड कार्डच आहे. जवळपास एक व्होल्ट देतो, आउटपुट इम्पिडन्स एक ओहमच्याही आत. फक्त युरोपात विकला जाणारा अर्ध्या व्होल्टचा असतो, तो नको. अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो म्हणून लोक नावं ठेवतात, विंडोजवर ती अडचण नाही.

ऐरोली_एक्सप्रेस

गणोबा, रविवारी घरी आहेस का? ऐरोली ते घणसोली दोन स्टेशनं. जी६ घेऊन येतो. ताई म्हणतात तसं समान करून ऐकू. होऊन जाऊ दे.

वाशीची_वाघीण

२०० हर्ट्झचा सूर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवून एसी व्होल्ट मोजा, दोन्ही सारखे करा. स्वस्त मल्टिमीटर एक किलोहर्ट्झला गंडतात, म्हणून २०० सांगतेय. बदलाबदल तिसऱ्याने करायची आणि ऐकणाऱ्याला सांगायचं नाही.

ऐरोली_एक्सप्रेस

काल झालं. मदरबोर्ड, अॅपलचा तुकडा, जी६. बदलाबदल गणोबाच्या बहिणीने केली, त्यासाठी दोन वडापाव घेतले.

प्रामाणिकपणे लिहितो. व्हॅलोरंटच्या सरावाच्या मैदानात मला बारापैकी पाच वेळा ओळखता आलं, म्हणजे अंदाजपंचेच. गाण्यात एकदा वाटलं की ओळखलं, तो निघाला मदरबोर्ड. तीन वर्षं मी ज्याला 'स्वच्छ' म्हणत होतो तो बहुधा स्काउट मोड आणि वाढलेला व्हॉल्यूम होता.

तरीही जी६ विकणार नाही. हाताशी व्हॉल्यूमचं बटण आहे, ३२ ओहमचा आणि ३०० ओहमचा दोन्ही हेडफोन चालतात, आणि माझ्या लॅपटॉपचा जॅक खरोखरच भिकार आहे. पण ज्याचा मागचा जॅक शांत आहे त्याला मी आता 'डोळे मिटून घे' म्हणणार नाही.

वाशीची_वाघीण

हे लिहायला जिगर लागते. मान गए.

दिघ्याचा_दीपू

धागा उशिरा बघितला. पीएस५ साठी बाहेरचं साउंड कार्ड घ्यावं का? दुकानदार म्हणाला ऑप्टिकलवालं घे.

खारघरची_खिंड

पीएस५ ला ऑप्टिकल पोर्टच नाही. दुकानदाराला म्हणावं, आधी भोक दाखवा. हेडफोन कंट्रोलरच्या जॅकला लावा. सोनीचा ३डी आवाज साध्या स्टीरिओ हेडफोनवरच चालतो, कन्सोलच ते गणित करतं.

घणसोलीचा_गणोबा

शेवटचा अहवाल. साउंड कार्ड घेतलं नाही. अॅपलचा तुकडा घेतला, कारण टेबल परत भिंतीला लावायचं होतं आणि मागच्या जॅकपर्यंत हात जात नाही. तुकडा यूएसबीच्या एक्स्टेंशन वायरवर टेबलाच्या कडेला चिकटवलाय. आवाज ६० वर पुरतो. मागून आलेले दहातले सहा-सात आता कळतात. उरलेले तीन मला मारतातच, पण ते माझ्या हातामुळे, कानामुळे नाही.

अर्थिंगवाले_अण्णा

गणोबा, ते दोन वायरचं जुनं बोर्ड फेकलंत ना?

घणसोलीचा_गणोबा

अण्णा, थांबा, बघून सांगतो.

आईने मिक्सरला लावलं होतं. काढलं.